सुप्रामॉलिक्युलर पॉलिमर आणि सरफेस: अभ्रक, ग्राफाइट, कुपीची भिंत नेमकं काय ठरवतात?

प्रयोगवेडी:
मंडळी, सेल्फ-असेंब्लीच्या (रेणू आपोआप जुळून रचना बनवतात त्याच्या) जुन्या धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं की ह्या सगळ्यात पृष्ठभागाचा म्हणजे सरफेसचा काय संबंध, त्याला तिथे दोन ओळींत उत्तर देणं पटेना म्हणून वेगळा धागा काढलाय. लांबलाय, सवडीने वाचा.

जुना धागा न वाचलेल्यांसाठी आधी थोडं. पॉलिथिन, नायलॉन ह्या नेहमीच्या पॉलिमरमध्ये मोनोमर (साखळीचे सुटे घटक रेणू) पक्क्या सहसंयुज बंधांनी जोडलेले असतात, एकदा जोडले की जोडले. सुप्रामॉलिक्युलर पॉलिमरमध्ये ते एकमेकांना हायड्रोजन बंध, पाय-पाय स्टॅकिंग (सपाट कड्यांनी एकावर एक बसणं), धातूच्या आयनाशी कोऑर्डिनेशन, पाण्यापासून दूर राहण्याची ओढ अशा तुलनेने कमजोर बळांनी धरून असतात, त्यामुळे साखळी सारखी तुटते, पुन्हा जुळते, टोकाशी मोनोमरची ये-जा चालू राहते. ज्याँ-मारी लेन यांना क्रॅम आणि पेडरसन यांच्यासोबत १९८७ चं नोबेल मिळालं ते ह्याच केमिस्ट्रीच्या पायाभरणीसाठी, आणि १९९७ मध्ये आइंडहोव्हनच्या मायर यांच्या ग्रुपने चार हायड्रोजन बंधांनी जुळणारा एक रेणू वापरून दाखवलं की असल्या बंधांनीही खऱ्या पॉलिमरसारखं वागणारं मटेरियल बनतं. आपल्याकडे बंगळुरूला जेएनसीएएसआरमध्ये सुबी जॉर्ज आणि तिरुवनंतपुरमला एनआयआयएसटीमध्ये अजयघोष यांचं ह्या विषयात मोठं काम आहे.

आता मुद्दा. पॉलिथिन काचेच्या भांड्यात बनलं काय आणि स्टीलच्या रिअ‍ॅक्टरमध्ये बनलं काय, कार्बन-कार्बन बंधाला भिंतीचं काही पडलेलं नसतं. पण सुप्रामॉलिक्युलर मोनोमर ज्या बळाने शेजारच्या मोनोमरला धरतो त्याच जातीच्या आणि बऱ्याचदा तेवढ्याच ताकदीच्या बळाने तो काचेला, प्लॅस्टिकला, अभ्रकाला, हवेला लागून असलेल्या पाण्याच्या थरालाही धरतो. म्हणजे मोनोमरपुढे कायम दोन पर्याय असतात, भावंडाला चिकटायचं की भिंतीला, आणि कुठला जिंकतो त्यावर धागे (रेणूंच्या लांब साखळ्या) बनणार की नाही, कधी बनणार, कुठल्या दिशेने बनणार हे सगळं ठरतं. हे मला ह्या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि पाठ्यपुस्तकांत ह्याला जेमतेम एक परिच्छेद मिळतो.

सुरुवात होते न्यूक्लिएशनपासून, म्हणजे पहिला गाभा जमण्यापासून. बऱ्याच सुप्रामॉलिक्युलर पॉलिमरमध्ये पहिले काही मोनोमर एकत्र येणं फार अवघड असतं, एकदा तो छोटा गाभा जमला की पुढे भराभर वाढ होते. ह्याला कोऑपरेटिव्ह पद्धत म्हणतात, प्रोटीनमधल्या अ‍ॅक्टिनसाठी जपानच्या ओसावा यांनी हा हिशेब १९६० च्या आसपास मांडला होता. गाभा बनायला जो ऊर्जेचा अडथळा असतो तो सरफेस कमी करतो, कारण गाभ्याची एक बाजू द्रावणाला उघडी राहण्याऐवजी भिंतीला टेकते. खडीसाखर करताना पाकात दोरा सोडतात आणि खडे दोऱ्यावरच धरतात, तेच तत्त्व. फक्त हा परिणाम किती प्रचंड असतो ते आकड्यात बघा: साध्या क्लासिकल सिद्धांतात गाभ्याचा भिंतीशी ९० अंशांचा कोन असेल तर अडथळा बरोब्बर निम्मा होतो. समजा तो ४० केटी होता तो २० केटी झाला (केटी म्हणजे त्या तापमानाला रेणूंच्या धडपडीची ऊर्जा), पण वेग घातांकात बदलतो, त्यामुळे तो साधारण ४८ कोटी पट वाढतो. म्हणून द्रावणात मधोमध गाभा बनण्याची वाट बघत बसलेला माणूस बहुतेक वेळा भिंतीवरचा गाभाच बघत असतो.

दुसरा भाग टेम्प्लेटचा, म्हणजे सरफेस साच्यासारखा वागतो त्याचा, आणि हा मला सगळ्यात सुंदर वाटतो. ग्राफाइटच्या जाळीचं अंतर २.४६ अँगस्ट्रॉम (नॅनोमीटरचा दहावा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम), आणि सरळ ताणलेल्या अल्केन साखळीत एक सोडून एक कार्बनमधलं अंतर साधारण २.५ अँगस्ट्रॉम. हे जवळपास जुळतं, म्हणून लांब शेपट्यांचे रेणू ग्राफाइटवर शिस्तीत ओळीने झोपतात आणि त्या ओळी ग्राफाइटच्या तीन दिशांनाच जातात. १९९१ मध्ये राबे आणि बुखहोल्झ यांनी द्रव आणि ग्राफाइट यांच्या सीमेवर एसटीएमने (अतिसूक्ष्म सुईने रेणू दाखवणाऱ्या मायक्रोस्कोपने) हे थेट दाखवलं, तेव्हापासून ल्युव्हेनच्या डे फायटर यांच्यासारख्या लोकांनी ह्यातून अख्खी शाखा उभी केली.

आणि एक जोडी मुद्दाम सांगते. ट्रायमेसिक अ‍ॅसिड म्हणजे बेन्झीनच्या कड्याला एकाआड एक तीन कार्बॉक्सिलिक गट. हे ग्राफाइटवर टाकलं की हायड्रोजन बंध त्याच प्रतलात पसरतात आणि षट्कोनी भोकांची सपाट जाळी बनते. त्याच अ‍ॅसिडचे तीन गट अमाइड करून टाका, मग झालं बीटीए (बेन्झीन ट्रायकार्बॉक्सामाइड), आणि ते योग्य सॉल्व्हंटमध्ये काय करतं तर अमाइड गट कड्याच्या प्रतलातून वळून वरच्या आणि खालच्या चकतीला पकडतात, चकत्या साधारण साडेतीन अँगस्ट्रॉमवर एकावर एक चढतात आणि पिळाचा लांब खांब तयार होतो. गाभा तोच, एकाची जाळी आडवी आणि दुसऱ्याचा खांब उभा. आता हा खांब बनवणारा रेणू ग्राफाइटवर ठेवला तर ग्राफाइट त्याला सपाट झोपवायला बघतं आणि शेजारी त्याला चवड रचायला ओढतात. ही रस्सीखेच समजली की निम्मा विषय समजला.

प्रश्न विचारा, माहितीत भरही घाला.

गोदाकाठ:
ताई, धागा काढल्याबद्दल खूप धन्यवाद, असं मराठीत वाचायला मिळत नाही. मी केमिस्ट्री बारावीनंतर सोडली तरी समजलं. एक प्रश्न, मग सरफेस असला की असेंब्ली नेहमी लवकर होते असं म्हणायचं का? म्हणजे वेग पाहिजे तर जास्त सरफेस टाकायचा, इतकं सरळ?

प्रयोगवेडी:
@गोदाकाठ, नाही, आणि हा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरं झालं. सारा लिन्से आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन ह्या प्रोटीनच्या द्रावणात नॅनोकण टाकले की धागे लवकर बनायला लागतात, कारण प्रोटीन कणांवर गोळा होतं आणि तिथली स्थानिक कॉन्सन्ट्रेशन वाढते. हे प्रोटीन वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेल्या पेशंटच्या सांध्यांत साठतं, त्यामुळे त्या पेपरची खूप चर्चा झाली. मग २००८ मध्ये त्याच वर्तुळातून दुसरा पेपर आला, त्याच घराण्यातले पॉलिमरचे नॅनोकण, पण प्रोटीन अल्झायमरवालं अमायलॉइड-बीटा, आणि तिथे धागे बनणं लांबलं! म्हणजे नुसता सरफेस बघून उत्तर देता येत नाही, जोडी बघावी लागते.

त्यात प्रमाणाचा खेळ वेगळाच. अमिनो गट लावलेल्या पॉलिस्टायरिनच्या कणांवर २०१० मध्ये त्याच लोकांनी काम केलं, थोडे कण टाकले तर वेग वाढला, भरपूर टाकले तर कमी झाला. कारण समजायला सोपं आहे, थोड्या सरफेसवर मोनोमर दाटीवाटीने बसतात, एकमेकांना भेटतात, गाभा बनतो. सरफेस अफाट असेल तर प्रत्येक मोनोमर कुठेतरी एकटा चिकटून बसतो, द्रावणात वाढीला कोणी उरत नाही. आणि पकड फारच घट्ट असेल तर थोड्या सरफेसवरही तेच, चिकटलेला रेणू हलत नाही, वळत नाही, शेजाऱ्याशी बंध करायला लागतो त्या आकारात येतच नाही. मधली पकड असावी लागते.

जुना_तंत्रज्ञ:
छान धागा. मी फार्मा इंडस्ट्रीत आयुष्य काढलं, इंजेक्शनच्या फॉर्म्युलेशनवर, तर तिकडचं सांगतो. तुम्ही धाग्यात हवेचा फक्त ओझरता उल्लेख केलात पण आमच्यासाठी सगळ्यात त्रासदायक सरफेस म्हणजे हवा आणि पाणी यांची सीमा. इन्सुलिन हे त्याचं जुनं उदाहरण, इन्सुलिनचे धागे बनतात हे १९४० च्या दशकापासून माहीत आहे. कुपी जोरात हलवली की दर हेलकाव्याला हवेला लागलेला नवा पाण्याचा थर तयार होतो, प्रोटीनचे तेलकट भाग त्या थराकडे तोंड करतात, घडी उलगडते आणि ती उलगडलेली प्रोटीनं एकमेकांना धरतात, मग थर मोडतो आणि तो गाभा आत द्रावणात जातो, पुन्हा नवा थर. १९९१ मध्ये एमआयटीच्या लोकांनी टेफ्लॉनसारखे पाणी न धरणारे सरफेस आणि हलवणं असं एकत्र करून ह्याचा नीट गतिशास्त्रीय हिशेब मांडला. इन्सुलिन पंपाच्या संशोधनात ही मोठी अडचण होती, शरीराच्या उष्णतेजवळ, नळीत, सतत हालचालीत इन्सुलिन राहणार.

म्हणून अनेक प्रोटीन औषधांत पॉलिसॉर्बेट किंवा पोलोक्सामर घालतात. लोकांना वाटतं ते विरघळवायला असतं. त्याचं मुख्य काम आधी जाऊन ती सीमा आणि काचेची भिंत अडवून बसणं, म्हणजे प्रोटीनला तिथे जागाच मिळू नये. तुमच्या भाषेत सांगायचं तर भिंतीच्या बाजूचा पर्याय आम्ही बंद करून टाकतो.

शंतनू७८:
वाचतोय. मी इंजिनीअर आहे म्हणून जरा हिशेब करून बघितला. १ सेंमीच्या क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या चौकोनी नळीत) ३ मिलि द्रावण घेतलं तर भिंती आणि तळ धरून दर मिलिमागे साधारण ४.३ चौरस सेंमी सरफेस. ९६ खाचांच्या प्लेटमध्ये १०० मायक्रोलिटर घेतलं तर खाचेचा व्यास ६.४ मिमी धरून दर मिलिमागे ९.४ च्या आसपास, वरची हवा वेगळीच. आणि अभ्रकावर ५ मायक्रोलिटरचा थेंब ५ मिमी व्यासाचा पसरला तर दर मिलिमागे जवळजवळ ४० होतात. म्हणजे एकच द्रावण तीन ठिकाणी नेलं की सरफेसचं प्रमाण साधारण नऊपट बदलतं आणि पेपरमध्ये तिन्हीचे निकाल शेजारी शेजारी छापतात.

माझा रोखठोक प्रश्न असा की एएफएमचे (सुईने सरफेस चाचपून चित्र काढणाऱ्या मायक्रोस्कोपचे) जे सुंदर फोटो येतात ते द्रावणातले धागे आहेत की अभ्रकावर टेकल्यावर बनलेले धागे आहेत हे कळतं कसं? मला तर वाटतं सरफेस म्हणजे सगळ्या प्रयोगात घुसलेला गोंधळ आहे, शक्य तिथे काढूनच टाकायला हवा.

प्रयोगवेडी:
@जुना_तंत्रज्ञ, हे फार मोलाचं लिहिलंत, आणखी लिहा.

@शंतनू७८, हिशेब मस्त, मी लॅबमधल्या मुलांना दाखवणार आहे. तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग शंभर टक्के बरोबर. १९९९ मध्ये कोवालेव्स्की आणि होल्त्झमन यांनी अमायलॉइड-बीटा द्रवातच एएफएमखाली बघितलं, पेप्टाइड तेच. अभ्रकावर, जे पाणी धरतं आणि ऋणभारित असतं, गोलसर पुंजके दिसले. ग्राफाइटवर, जे पाण्यापासून पळणाऱ्या रेणूंना आवडतं, लांब सपाट पट्टे दिसले आणि ते एकमेकांशी १२० अंश करणाऱ्या तीन दिशांतच होते, म्हणजे ग्राफाइटच्या जाळीने दिशा ठरवून दिली. फक्त ग्राफाइटवर बघणारा म्हणेल हा रेणू पट्टे बनवतो, फक्त अभ्रकावर बघणारा म्हणेल गोळे बनवतो, आणि दोघांकडे फोटो आहे!

सॉल्व्हंटसुद्धा ह्यात तिसरा भिडू म्हणून येतो. ट्रायमेसिक अ‍ॅसिड ग्राफाइटवर घालताना सॉल्व्हंट म्हणून लांब साखळीचं फॅटी आम्ल घेतलं की मोकळी षट्कोनी जाळी येते आणि छोट्या साखळीचं घेतलं की दाट, फुलासारखी नक्षी येते. डे फायटर आणि ओसाकाच्या तोबे यांच्या कामात तर नुसती कॉन्सन्ट्रेशन बदलून तोच रेणू पातळ द्रावणात भोकांची जाळी आणि घट्ट द्रावणात दाट रांगा देतो.

पण "काढूनच टाकायला हवा" हे मला मान्य नाही. तो काढता येतच नाही, भांडं असणारच, वर हवा असणारच. आणि हाताशी धरला तर तो फार उपयोगी आहे. स्ट्रासबुर्गला जिएरी आणि बुलमेदे यांच्या ग्रुपने २०१५ मध्ये सरफेसवर फॉस्फेटेज एन्झाइम बसवलं आणि वरून फॉस्फेट लावलेला पेप्टाइड सोडला, फॉस्फेट असेपर्यंत तो पाण्यात विरघळून राहतो, एन्झाइमने फॉस्फेट तोडला की धागे बनवतो, त्यामुळे जेल फक्त त्या सरफेसवरूनच उगवत गेलं. डेल्फ्टला एल्केमा आणि फान एश यांनी हेच अ‍ॅसिड कॅटॅलिस्टचे छोटे छोटे ठिपके सरफेसवर उमटवून केलं, जिथे ठिपका तिथे धागे. कुठे बनवायचं हे ठरवण्याचा इतका थेट मार्ग दुसरा मला माहीत नाही.

आलापल्ली:
मी गडचिरोली जिल्ह्यात आरोग्य विभागात लॅब टेक्निशियन आहे, केमिस्ट्रीतलं तुमच्याइतकं समजत नाही पण धागे बनणं म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिलं सिकलसेल आलं. आमच्याकडे सोल्युबिलिटी टेस्ट रोजची, डायथायोनाइट टाकलं की ऑक्सिजन जातो, नळी गढूळ झाली की मागची काळी रेघ दिसेनाशी होते, मग पुढे खात्रीसाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ह्या चाचण्या. ते गढूळ म्हणजे हिमोग्लोबिनचे धागेच ना? आणि मग त्यातही सरफेसचा काही हात असतो का?

प्रयोगवेडी:
@आलापल्ली, तुमचा प्रतिसाद वाचून खरंच आनंद झाला, कारण सिकलसेल हे ह्या विषयातलं माणसांच्या सगळ्यात जवळचं उदाहरण आहे. हो, ते धागेच. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलीन येतं, ते तेलकट, आणि ऑक्सिजन सोडल्यावर शेजारच्या हिमोग्लोबिनवर एक तेलकट खाच असते त्यात ते बसतं. एकही सहसंयुज बंध बनत नाही, ऑक्सिजन आला की धागा विरघळतो. म्हणजे हा निसर्गातला सुप्रामॉलिक्युलर पॉलिमरच, १४ पदरांचा, साधारण २१ नॅनोमीटर जाडीचा.

आणि सरफेस? इथे सगळ्यात मोठा सरफेस त्या धाग्याचा स्वतःचा आहे. फेरोन, हॉफ्रिक्टर आणि इटन यांनी १९८५ मध्ये हे मांडलं: पहिला धागा द्रावणात फार मुश्किलीने बनतो, पण तो बनला की त्याच्या अंगावर दुसऱ्या धाग्याचा गाभा सहज बसतो, मग दोन्हींच्या अंगावर आणखी, आणि एका क्षणी अख्खी पेशी भरून जाते. त्यामुळे आधी काहीच होत नाही असा एक थांबा असतो आणि मग एकदम सगळं. हा थांबा हिमोग्लोबिनच्या कॉन्सन्ट्रेशनवर इतका अवलंबून आहे की तो साधारण तिसाव्या घाताने बदलतो, म्हणजे कॉन्सन्ट्रेशन १० टक्के कमी झाली तर थांबा वीसपटीहून जास्त लांबतो. तेवढ्यात लाल पेशी केशवाहिनीतून निसटून फुप्फुसात पोचते, ऑक्सिजन मिळतो, वाचते. वाहक माणसाला सहसा त्रास का होत नाही आणि हायड्रॉक्सियुरियाने गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवलं की फायदा का होतो, दोन्हीचं उत्तर बरंचसं ह्याच थांब्यात आहे. ते गर्भातलं हिमोग्लोबिन धाग्यात नीट सामील होत नाही.

आणि हीच रीत नंतर अमायलॉइडमध्ये (अल्झायमरसारख्या आजारांतल्या प्रोटीनच्या धाग्यांत) सापडली, २०१३ मध्ये अमायलॉइड-बीटा ४२ साठी लिन्से आणि केंब्रिजचे नोल्स यांच्या गटाने दाखवलं की नवे गाभे मुख्यतः जुन्या धाग्यांच्या अंगावरच तयार होतात.

आलापल्ली:
समजलं. आम्ही पेशंटला पाणी भरपूर प्या म्हणून सांगतो, उन्हात काम करू नका म्हणतो, ते ह्यालाच धरून आहे तर. शरीरात पाणी कमी झालं की पेशीही आक्रसते, हिमोग्लोबिन दाट होतं आणि तो थांबा तुटपुंजा होतो. आता तेंदूच्या हंगामात पाड्यावर जाईन तेव्हा हे नीट समजावता येईल, दहा टक्क्यांचं गणित लोकांना कळतं. धन्यवाद ताई.

जुना_तंत्रज्ञ:
हा सिकलसेलचा भाग वेगळा लेख म्हणून यायला हवा, माझी आग्रहाची विनंती.

मुक्ता_पी:
नमस्कार, मी पीएचडीच्या पहिल्या वर्षाला आहे, पेप्टाइड असेंब्ली, आणि माझे लॅग टाइम (धागे दिसायला लागेपर्यंतचा थांबा) तीन प्लेटमध्ये तीन वेगळे येतात, खूप वैताग आलाय. गाइड म्हणतात पिपेटिंग सुधार. वरचं वाचून वाटतंय की प्लेटचाच सरफेस असेल का? आणि असेल तर सिद्ध कसं करायचं?

प्रयोगवेडी:
@मुक्ता_पी, पिपेटिंगही बघच, पण प्लेटचा संशय अगदी रास्त आहे. साध्या पॉलिस्टायरिनला पेप्टाइड भरपूर चिकटतात. पीईजीचं कोटिंग असलेल्या नॉन-बाइंडिंग प्लेट मिळतात, अमायलॉइडवाले बहुतेक त्याच वापरतात, एक उसनी घेऊन तेच द्रावण साध्या प्लेटशेजारी चालव. मग मुद्दाम सरफेस वाढवून बघ, काही खाचांत स्वच्छ काचेचे मणी टाक, बाकी सगळं तसंच. मण्यांनी लॅग टाइम ठळकपणे बदलला तर तुझं न्यूक्लिएशन भिंतीवर होतंय हे कोणालाही दाखवता येईल, गाइडनाही. प्लेट सील कर, आणि शेक करतेस का ते लिही, कारण शेक केलंस तर हवेची सीमाही प्रयोगात आली. तीन प्लेट एकाच लॉटच्या होत्या का तेही बघ.

फोटोंसाठी: अभ्रक टेपने ताजं सोललेलं घे, ग्राफाइटही तसंच, आणि दोन्हीवर बघ, एकावर कधीच थांबू नकोस. जमलं तर द्रवात, थेंब सुकू न देता, कारण सुकताना कॉन्सन्ट्रेशन चढत जाते आणि शेवटच्या क्षणी काहीही बनू शकतं. थेंब ठेवून धुवायच्या आधीचा वेळ बदलून बघ, वेळेबरोबर धागे लांब होत गेले तर ते सरफेसवरच वाढतायत असा संशय घे. आणि फोटो काहीही दाखवो, द्रावणातला पुरावा वेगळा हवाच, सीडी, यूव्ही, डीएलएस ह्या प्रकाशाने करायच्या मोजण्या, सोय असेल तर स्मॉल अँगल एक्स-रे. क्रायो-टीईएममध्ये (नमुना झटकन गोठवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघतात त्यात) सुकण्याचा प्रश्न नाही, पण तो पातळ थर गोठायच्या आधी दोन्ही बाजूंनी हवेला लागलेला असतो, तेही लक्षात ठेव.

शंतनू७८:
@मुक्ता_पी, मणी टाकणार असाल तर दोन वेगळ्या आकाराचे घ्या, एकूण वजन तेच ठेवून. व्यास निम्मा केला की तेवढ्याच वजनात सरफेस दुप्पट होतो आणि काच तीच राहते, म्हणजे फरक क्षेत्रफळाबरोबर वाढतो का ह्याचाही अंदाज येईल.

मुक्ता_पी:
दोघांनाही धन्यवाद. प्लेटच्या पाकिटांवरचे लॉट नंबर आत्ताच बघितले, तिन्ही वेगळे आहेत. नॉन-बाइंडिंग प्लेट शेजारच्या लॅबमध्ये आहे, उद्या मागते, आणि मणी ०.५ आणि १ मिमीचे दोन्ही आहेत. निकाल आले की इथेच टाकते.

प्रयोगवेडी:
@मुक्ता_पी, मणी वापरण्याआधी नीट धुवून वाळव आणि काही खाचांत नुसतं बफर आणि मणी असा कंट्रोल ठेव, थायोफ्लेविन (धाग्यांना चिकटून चमकणारा रंग) वापरत असशील तर मण्यांमुळे प्रकाश विखुरतो, तेवढं वजा करावं लागेल.